पिक्चर कसा होता, हे कुणी सांगायचं?

पनवेल तालुक्यातल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज हप्ता, व्याज, बँकेची फाईल यांतलं काही सांगणार नाही. आज बोलायचंय ते पिक्चरबद्दल. रात्रीची भांडी झाली, पोरं झोपली, की मोबाईलवर नाहीतर टीव्हीवर आपण जो पिक्चर बघतो, त्याबद्दल. हसू नका, ऐका तर.

आमच्या काही गटांमध्ये वर्षभरापासून एक पद्धत पडली आहे. महिन्याची बैठक झाली, बचत जमा झाली, इतिवृत्तावर सह्या-अंगठे झाले, की वहीची मागची पानं उघडायची. महिन्यात कुणी कुठला पिक्चर पाहिला ते सांगायचं आणि त्याला दहापैकी मार्क द्यायचे. नियम एकच. कारण सांगितल्याशिवाय मार्क लिहायचे नाहीत.

पहिल्या बैठकीत गंमत झाली. ज्या बाया कर्ज कुणाला द्यायचं यावर तासभर भांडतात, दोन रुपये व्याज जास्त लागलं तर खजिनदाराला उभं करतात, त्याच बाया पिक्चरचं विचारल्यावर गप्प झाल्या. "चांगला होता." चांगला म्हणजे काय? एक वहिनी म्हणाल्या, "आमच्या यांना आवडला, म्हणजे चांगलाच असणार." सगळ्या हसल्या. पण वहीत लिहिणारीचा हात थांबला. डोळे आपले, रात्र आपली, झोप मोडली ती आपली, आणि मार्क मात्र त्यांचे. हे असं कधीपासून आहे? म्हणून आम्ही थोडं मागे जाऊन शोधलं, जुन्या बायांना विचारलं, पुस्तकं चाळली. त्यातलं जे हाती लागलं ते आज सांगतो.

आपल्याकडे चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तो मुंबईत, वॉटसन हॉटेलात, ७ जुलै १८९६ रोजी. तिकीट एक रुपया. म्हणजे गरिबाचं काम नव्हे. आठवड्याभरात तेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले. तिथे चार आण्यांपासून तिकीट होतं आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळ्या जागा राखल्याची जाहिरात होती. म्हणजे पहिल्या महिन्यापासून बाई बघायला होतीच. पडद्याआड बसून का होईना, होती.

पुढे आले दादासाहेब फाळके. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या बायकोचं नाव किती जणींना माहीत आहे? सरस्वतीबाई. १९११ साली फाळक्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि मग सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला. त्यानंतर घरात या वेडाची सुरुवात झाली. बाईंचे दागिने गेले. फाळक्यांनी आधी एक लहानसा चित्रपट केला, वाटाण्याचं रोप उगवून मोठं होतं एवढाच. तो घरातच तयार झाला. 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला तेव्हा फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं आणि घरात राहणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सगळं सरस्वतीबाईंनी केलं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. त्यात तारामतीचं काम केलं अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. त्याच वर्षी पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी काम केलं, तेव्हा कुठे पडद्यावर बाई आली.

आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा एक मावशी पटकन म्हणाल्या, "म्हणजे पहिला पिक्चर घरात बनला, घरातल्या बाईने धुतला, वाळवला, आणि मार्क द्यायची वेळ आली तेव्हा ती चुलीपाशी." त्या तोंडाच्या तिखट आहेत, पण खोटं बोलल्या असं आम्हाला वाटत नाही. सरस्वतीबाईंना 'राजा हरिश्चंद्र' कसा वाटला, हे ऐकायला आम्हाला फार आवडलं असतं.

कसा वाटला हे छापायचं काम मग वर्तमानपत्रं आणि मासिकं करू लागली. सरकारनेही १९२७-२८ मध्ये रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. देशभर फिरून शेकडो साक्षी घेतल्या, सिनेमाने लोक बिघडतात का, बायकामुलांवर काय परिणाम होतो, असं विचारलं. परिणाम बायकांवर, आणि साक्ष देणारे बहुतेक पुरुष. १९३५ मध्ये बाबूराव पटेल यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढलं. हे गृहस्थ आपल्या शेजारच्या पालघरकडचे, मासवणचे. त्यांची लेखणी अशी चालायची की निर्माते घाबरत. त्यांच्या पत्नी सुशीलाराणी पटेल मोठ्या गायिका होत्या आणि त्याही त्या मासिकात लिहायच्या, पण दरारा बाबूरावांच्या नावाचा.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या होत्या. मोबाईलवर पिक्चरच्या नावाखाली तारे दिसतात ना, तीन तारे, चार तारे? ही ताऱ्यांची पद्धत कुणी काढली म्हणता? न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या वर्तमानपत्रात आयरीन थायरर नावाची एक बाई चित्रपटांवर लिहायची. जुलै १९२८ मध्ये तिने एका चित्रपटाच्या नावापुढे तारा छापला. फक्त एकच तारा, म्हणजे पिक्चर काही धड नव्हता. चित्रपटाला तारे देण्याची सुरुवात तिच्यापासून धरतात. तेव्हापासून आमच्या वहीत एक बाई मार्कांऐवजी चांदण्याच काढते.

इकडे महाराष्ट्रात बायका लिहीत नव्हत्या तरी चित्रपट मात्र त्यांच्याबद्दलच निघत होते. १९३७ साली प्रभात कंपनीचा 'कुंकू' आला, व्ही. शांतारामांचा. नीरा नावाची मुलगी, मामाने फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली. ती रडत बसत नाही. ती म्हणते, हे लग्न मी मानत नाही, आणि त्या घरात राहून शेवटपर्यंत मानत नाही. शांता आपटे यांनी ती नीरा केली. त्या वकिलाच्या मुलीचं काम केलं शकुंतला परांजपे यांनी. या तर खरोखरच्या समाजकार्यकर्त्या, संततिनियमनाचं काम करणाऱ्या. त्या काळात पडद्यावरची एवढी हट्टी सून बघून थिएटरातल्या बायकांना काय वाटलं असेल! शांता आपटे पडद्याबाहेरही तशाच होत्या. १९३९ मध्ये कंपनीशी वाद झाला तेव्हा त्या प्रभातच्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं. सिनेमाच्या धंद्यात बाईचं काय होतं, ते एका बाईने स्वतःच्या नावाने छापून सांगितलं. आमच्या मते हे मार्क देणंच झालं, एका पिक्चरला नाही, सगळ्या धंद्याला.

'कुंकू'चा शेवट आम्ही सांगत नाही. का, ते नंतर कळेल.

एवढी वर्षं पिक्चर म्हणजे बाहेर जाणं. थिएटर, नाहीतर जत्रेतला तंबू. बाहेर जायचं तर कुणीतरी न्यावं लागे, आणि नेणारा ठरवेल तो पिक्चर. आमच्या आज्या सांगतात, पनवेलला पिक्चर पाहिला म्हणजे सणच. लग्नानंतर एकदा, मग पोर मोठं झाल्यावर एकदा. येताना एसटीत त्यावर बोलायचं तरी कुणाशी? पुढच्या सीटवर सासरे.

पिक्चर घरात आला तो टीव्हीमुळे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मुंबई जवळ, म्हणून आपल्याकडे लवकर दिसू लागलं. पण दिसू लागलं म्हणजे प्रत्येक घरात नव्हे. अख्ख्या आळीत एक टीव्ही, तोही सरपंचाच्या नाहीतर मुंबईला गोदीत कामाला असलेल्याच्या घरी. शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी. पुरुष खुर्चीवर, पोरं जमिनीवर, आणि बायका दारात. दारातच का? भात लावलेला असायचा, म्हणून. हिंदी पिक्चरच्या मध्ये बातम्या लागायच्या, तेवढ्यात घरी पळून भात उतरवून यायचं. कितीतरी जणींनी पिक्चर असे तुकड्या-तुकड्यांनी पाहिले. एका काकूंना आजही 'शोले'तली बसंती कोण आणि ठाकूरची सून कोण हे नीट सांगता येत नाही, कारण त्या मधल्या वेळात घरी होत्या. पुढे व्हिडिओ आला. सत्यनारायण झाला, बारसं झालं की व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभर तीन पिक्चर. कॅसेट कुठली आणायची हे ठरवायला आईला कुणी विचारलं नाही. तिला चहा किती कप लागेल ते विचारलं.

पण घरात आल्यामुळे एक झालं. पिक्चर संपल्यावर बायका तिथेच होत्या, आणि शेजारणी पण होत्या. दुसऱ्या दिवशी पाण्यावर, भांड्यावर बोलणं सुरू झालं. आपल्या आयांनी पिक्चरची समीक्षा विहिरीवर केली. ती कुठे छापली गेली नाही एवढंच.

आता आपल्या तालुक्यातल्या दोन पिक्चरकडे येतो. हे दोन्ही आम्ही मुद्दाम पुन्हा पाहिले.

पहिला 'जैत रे जैत', १९७७ चा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना अंगठ्यासारखा जो सुळका दिसतो, त्याच्या आसपासची. त्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी पिक्चर केला, निर्मिती उषा मंगेशकरांची, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. नाग्या झाला मोहन आगाशे आणि चिंधी झाली स्मिता पाटील. हीच स्मिता त्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, म्हणजे पिक्चरच्या आधीच ती घराघरांत बसलेली होती. 'जैत रे जैत'ला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोठ्या लोकांनी मार्क दिले, भरपूर दिले.

ठाकूरवाडीच्या गटात आम्ही तो एकीच्या मोबाईलवर, उशीला टेकवून, सात-आठ जणींनी बघितला. गाण्यांना सगळ्यांनी पैकीच्या पैकी दिले, त्यावर वाद नाही. भाषेवर झाला. एक ताई म्हणाली, "बोलणं आमचं आहे, पण धुवून इस्त्री केलेलं." दुसरी म्हणाली, आम्हाला कुणी इतका वेळ पडद्यावर दाखवलंच नव्हतं, इस्त्री तर इस्त्री. चिंधी नको असलेला नवरा सोडते आणि ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबरोबर राहते, याला वाडीत कुणी नाक मुरडलं नाही. उलट खाली गावातल्या गटात हाच पिक्चर दाखवला तेव्हा तिथल्या बाया म्हणाल्या, "नवरा सोडला, ते कसं काय?" वाडीच्या बाईला जे साधं वाटलं ते गावच्या बाईला अवघड वाटलं. एकाच पिक्चरला सहा किलोमीटरच्या अंतरावर वेगळे मार्क पडले आणि दोन्हीकडे कारणं खरी होती. शेवटी माश्यांच्या दंशाने चिंधी मरते आणि नाग्याची जैत होते. वाडीतली म्हातारी आजी, जिने आयुष्यात कधी मार्क दिले नव्हते, ती बोलली. म्हणाली, डोंगराशी भांडण त्याचं, मेली ती. दोन मार्क कापा. कापले.

दुसरा पिक्चर ऐकून तुम्हाला हसू येईल. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'. २० ऑक्टोबर १९९५ ला आला आणि मुंबईच्या मराठा मंदिरात वीस वर्षांहून जास्त चालला. त्यातली शेवटची ती मारामारी, ती सुटलेली गाडी, बापाने मुलीचा हात सोडणं, हे पंजाबात घडतं असं पिक्चरमध्ये दाखवलंय. पण ते चित्रण झालं आपल्या तालुक्यातल्या आपटा स्टेशनवर. आपट्याच्या बाया सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसतो, आणि का दिसू नये? आमच्या रोजच्या प्लॅटफॉर्मवर देशाने रडून घेतलं.

हा पिक्चर प्रत्येकीने निदान दहा वेळा पाहिलेला. त्यामुळे मार्क पटापट पडतील असं वाटलं होतं. पडले नाहीत. सिमरनची आई, फरिदा जलाल, हिच्यावर चर्चा अडकली. ही आई आधी लेकीला सांगते की मी मुलगी म्हणून जे जे सोडलं ते तुला सोडायला लावणार नाही असं ठरवलं होतं, आणि आज मीच तुला सोड म्हणते आहे. मग तीच दागिने हातात देऊन पळून जा म्हणते. मुलगा म्हणतो, पळून नेणार नाही, बापाने दिली तर नेईन. लहानपणी पाहताना हे आम्हाला फार चांगलं वाटायचं, शहाणा मुलगा. या वेळी एका विशीतल्या पोरीने विचारलं, "आई हो म्हणाली होती ना? मग आईच्या हो ला मार्क नाहीत का?" कुणी बोललं नाही. आणि मग तिनेच पुढचं विचारलं, बापाने हात सोडला म्हणून ती गेली. सोडला नसता तर?

त्या बैठकीत एक ताई होती. तिची मुलगी बारावीला, अठरा पुरी व्हायला चार महिने कमी. पाहुणे बघून गेले होते, सुपारी फोडायची तारीख ठरत होती. हे आम्हाला माहीत नव्हतं. तिने तिथेच सांगितलं, पिक्चरचं बोलता बोलता. अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, २००६ चा कायदा आहे, हे आम्ही प्रशिक्षणात दहा वेळा सांगितलं होतं, फळ्यावर लिहिलं होतं, आणि त्या प्रत्येक वेळी ती समोर बसलेली होती. तेव्हा ती बोलली नाही. सिमरनच्या आईवर बोलणं निघालं तेव्हा बोलली. मग त्या दिवशी मार्क राहिले बाजूला. गटातल्या चार जणी तिच्या घरी गेल्या, दिराशी बोलल्या, सासूशी बोलल्या. पाहुण्यांना परीक्षा होऊ दे असा निरोप गेला. मुलीने परीक्षा दिली. पुढचं तिचं तिच्या घरात अजून चाललंय, ते आम्ही रेडिओवर सांगणार नाही.

असं दर वेळी होत नाही. बहुतेक वेळा नुसत्या गप्पा होतात आणि तेही चांगलंच.

'माहेरची साडी'बद्दल बोललं नाही तर तुम्ही आम्हाला सोडणार नाही. १९९१, विजय कोंडके, अलका कुबल. बायका ट्रक-ट्रॅक्टर भरून बघायला गेल्या असं सगळीकडे सांगतात. शिकल्या-सवरल्या लोकांनी तो रडका म्हणून निकालात काढला. आमच्या गटांत यावर दोन तट आहेत. पंचेचाळिशीच्या पुढच्या दहापैकी दहा देतात, मुली तीन देतात. मुली विचारतात, ती सहन का करते? आया म्हणतात, आम्ही सहन केलं तेव्हा कुणी बघायला नव्हतं, तिथे अख्खं थिएटर बघत होतं. आमचं मत विचाराल तर पिक्चर म्हणून तो पाचाच्या वर जात नाही, सासूला मुद्दाम राक्षस केलंय. पण आयांचं कारण ऐकल्यावर त्यांचे दहा आम्ही खोडले नाहीत.

त्याच्या नऊ वर्षं आधी, १९८२ मध्ये, 'उंबरठा' आला होता. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा स्मिता पाटील. सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते, लहान मुलगी जावेकडे ठेवून. आश्रमात लबाड्या चाललेल्या असतात, त्यांच्याशी लढते, हरते, परत येते, तर घरी नवऱ्याचं दुसरीकडे जुळलेलं. ती पुन्हा निघते. हा पिक्चर बघताना आमच्या समूह संसाधन व्यक्ती म्हणजे सीआरपी ताया अगदी शांत होत्या. कारण रोज सकाळी पिशवी घेऊन दुसऱ्या गावच्या बैठकीला निघताना त्यांनाही ऐकावं लागतं, पोरं कुणावर टाकून चाललीस? मार्कांवरून भांडण जुंपलं. एक म्हणाली, लेक सोडली, मी शून्य देणार. दुसरी म्हणाली, नवरा पुण्या-मुंबईला नोकरीला जातो तेव्हा तोही लेक सोडूनच जातो, त्याला कुठल्या पिक्चरने शून्य दिलं? तिसरी म्हणाली, जाऊ चांगली होती म्हणून निभावलं, मला अशी जाऊ नाही, म्हणून माझे मार्क जावेला. वहीत 'उंबरठा'समोर अजून आकडा नाही. नुसतं लिहिलंय, चर्चा बाकी. राष्ट्रीय पुरस्कार त्यालाही मिळाला होता, पण आमच्याकडे तो नापासही नाही आणि पासही नाही.

आता हल्लीचे. मोबाईलचं नेट २०१६ नंतर स्वस्त झालं आणि पिक्चर हातात आला. 'बाईपण भारी देवा' २०२३ चा. सहा बहिणी, मंगळागौर. त्याला आमच्या बाया नटून, गॉगल लावून पनवेलला थिएटरात गेल्या आणि नंतर घरी पुन्हा पाहिला. थिएटरात नऊ दिले होते, घरी पाहिल्यावर सात झाले. का? गर्दीत सगळ्या मिळून हसल्या म्हणून जास्त आवडला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पण घरी पाहताना एक काकू मधेच उठून पायाला तेल लावायला बसल्या आणि म्हणाल्या, या वयात नाचायचं तर सराव आत्ताच हवा. या श्रावणात त्यांच्या गटाने मंगळागौर ठेवली आहे.

सगळ्यांत जास्त मार्क मिळाले 'लापता लेडीज'ला. किरण राव यांचा, २०२४ चा. रेल्वेत घुंघटामुळे दोन नवऱ्यांच्या नवऱ्या बदलतात. फूल स्टेशनवर हरवते, तिला सासरच्या गावाचं नावही नीट आठवत नाही. तिला आसरा देते ती स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई. फूल तिथे कलाकंद करते, तो खपतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात कमाई पडते. त्या प्रसंगाला आमच्याकडे पिक्चर थांबवला गेला, मागे नेला, पुन्हा पाहिला. पहिली कमाई हातात आली तेव्हाचं प्रत्येकीला आठवलं. कुणाला शेवया, कुणाला पापड, एकीला पनवेलच्या बाजारात विकलेल्या वालाच्या शेंगा. दहापैकी दहा. एक मार्क कापावा असं एकीने सुचवलं, कारण तिच्या मते इतका चांगला पोलीस असत नाही. त्यावर हशा झाला आणि मार्क राहिला.

पोरं शेजारी बसणार असतील तर आणखी एक बघायचं. पिक्चर सुरू होण्याआधी यू, यूए किंवा ए असं लिहून येतं. २०२३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर यूएचे वयाप्रमाणे तीन भाग केलेत, सात वर्षांवरचे, तेरावरचे आणि सोळावरचे. मोबाईलवरही असे आकडे कोपऱ्यात येतात. ते सरकारने नाहीतर कंपनीने दिलेले मार्क. आपल्या पोराला काय दाखवायचं ते त्यावर नजर टाकून आपण ठरवायचं. नुसतं पोरीला उठवून आत पाठवायचं आणि पोराला बसू द्यायचं, हे मात्र काही घरांत चालतं, त्यावर एका बैठकीत बरंच बोलणं झालं.

वही आता भरत आली आहे. परवा ती चाळताना दिसलं, पहिल्या दोन पानांवर कारणाच्या रकान्यात 'यांना आवडला' असं पाच ठिकाणी आहे. आठव्या पानावर एके ठिकाणी लिहिलंय, 'यांना आवडला, मला नाही'. लिहिणारीने खाली सही केली आहे. ही बाई मागच्या वर्षी सही करायला शिकली.

पुढच्या महिन्यात 'कुंकू' पाहायचा ठरलाय. जुना आहे, काळा-पांढरा आहे, आवाज जरा खरखरतो, म्हणून मोठा स्पीकर असलेल्या गटाने तो घेऊन यावा. ज्यांनी आधी पाहिलाय त्यांनी शेवट सांगू नये. नीरा अखेर काय मिळवते आणि काय गमावते, त्यावर किती मार्क द्यायचे, ते पाहून झाल्यावर ठरवू. तुमच्या गावात, तुमच्या गटात कुणी असे मार्क देत असेल तर पत्राने कळवा, किंवा पुढच्या खेपेला रेडिओवर येऊन सांगा. 'उंबरठा'ची चर्चा बाकी आहे, त्यातही भर घाला. येताना कारण घेऊन या. नमस्कार.